उलटं बसवलेलं कौल

सेइकिची इशिमिनेचा कुणावर विश्वास नव्हता, आणि या गोष्टीचा त्याला मनातून अभिमान होता. सगळा जन्म लाल कौलांची छपरं शाकारण्यात गेलेला. पाणी जिथे ठिबकतं तिथे ते कधीच शिरलेलं नसतं, हे त्याला धंद्यानं शिकवलं होतं. बाई स्वयंपाकघरात भांडं लावून बसते आणि भोक असतं पार दुसऱ्या टोकाला, आढ्यापाशी. छपराचा हा नियम त्यानं माणसांना लावला. शेजारी जरा जास्त वाकून नमस्कार करून गेला की हा बायकोला म्हणे, "आज एवढा वाकला. काय मागायला येतो बघ." कोळणीनं ताजा म्हणून दिलेला मासा तो कल्ले उघडून बघायचा, आणि घरी आल्यावर पुन्हा एकदा बघायचा. त्याची बायको नाबे म्हणायची, यांच्या सावलीलासुद्धा यांच्यापासून चार हात लांब चालावंसं वाटत असेल.

ओकिनावा बेटावरच्या इतोमान बंदराच्या वर, उतारावर त्यांचं घर. परसाला फुकुगीच्या झाडांचं असं दाट कुंपण की आतलं काही बाहेर दिसू नये. आत गवताची दोरी गुंडाळलेला एक खांब, मुठी टणक करायला; रेतीनं भरलेले दोन घडे, बोटांनी काठाला धरून उचलायला; आणि पावलांनी घासून गुळगुळीत झालेली जमीन. इथे तो कराटे शिकवायचा. फी घ्यायचा नाही. पैसे घेतले की शिष्याचं गिऱ्हाईक होतं, असं त्याचं म्हणणं. एकेकाळी सात-आठ जण यायचे. आता दोघेच उरले होते. एक न्हावी कोजा, पन्नाशी उलटलेला, कात्रीपेक्षा जीभ जास्त चालवणारा. दुसरा मोरिओ ताइरा, पंचविशीतला, बस चालवायचा आणि बोलण्यात कंजूष होता.

परसात एक नियम होता: समोरासमोर लढायचं नाही. करायची ती काता. समोर कुणी नाही, तरी आहे असं धरून, एकट्यानं ठरलेले वार ठरलेल्या क्रमानं करत जायचे. त्यांची मुख्य काता माएझातो घराण्यातली, सेइकिचीला गुरूंकडून मिळालेली. तिच्या मधोमध एक जागा होती, जिथे भरलेला घडा जमिनीवर ठेवावा तसा माणूस खाली बसतो आणि मग एकदम वळतो. म्हणून ती घड्याची काता. ती सेइकिचीशिवाय बेटावर कुणाकडे उरली नव्हती. निदान त्याची तशी समजूत होती. "कराटे स्वतःशी करायचं असतं," तो सांगायचा. "समोर माणूस आला की मन जिंकण्या-हरण्यात अडकतं. आणि गुण मोजायला हा काय मासळीचा लिलाव आहे?"

नेमकं त्या वर्षी गुण मोजायचं वारं सुटलं होतं. जपानच्या राष्ट्रीय खेळांत कराटे घेतलं गेलं, आणि ओकिनावाच्या लोकांना वाटलं, कराटेचा जन्म आमच्याकडे झाला तर पदकंही आमच्याकडेच यायला हवीत. त्यावरून जुन्या शिक्षकांत भांडणं जुंपली. बरोबरीनं वाढलेले लोक लग्नकार्यात एकमेकांकडे पाठ करून बसू लागले. इतोमानमध्ये ओयाकावा नावाच्या एका तरुण मास्तरानं भिंतीभर आरसे लावून क्लब काढला. खिडकीत चषक मांडले. आत मुलं जाड हातमोजे घालून, उड्या मारत एकमेकांना ठोसे द्यायची, आणि पंच हात वर करून गुण द्यायचा. सेइकिची तिथून जाताना मान दुसरीकडे करायचा, पण आरशात काय चाललंय ते डोळ्याच्या कोपऱ्यातून बघून घ्यायचा.

एका संध्याकाळी मोरिओ काता करत होता आणि सेइकिची पाठमोरा उभा राहून ऐकत होता. तो नेहमी ऐकायचाच. छपरावर चालणाऱ्या गड्याचं पाऊल ऐकलं की कौल फुटणार की नाही ते कळतं. मोरिओची टाच जमिनीला टेकत नव्हती. अगदी किंचित, पण उचललेली. सेइकिचीच्या मनात पाल चुकचुकली. टाच कुठे उचलतात? जिथे उड्या मारत लढतात तिथे.

त्यानं काही विचारलं नाही. विचारलं की चोर सावध होतो. दुसऱ्या खेपेला मोरिओच्या नडगीवर निळा डाग दिसला. बसच्या पायरीला लागलं, असं मोरिओ न विचारता म्हणाला, आणि न विचारता म्हणाला हेच सेइकिचीला खटकलं. मग सेइकिचीची दाढी करता करता कोजानं सहज बोलल्यासारखं सांगितलं की मोरिओची सायकल ओयाकावाच्या क्लबमागे दिसते म्हणतात. सेइकिचीनं साबणाच्या फेसातून त्याच्याकडे पाहिलं. म्हणतात म्हणजे कोण म्हणतं? आणि हा न्हावी क्लबमागे काय करत होता? आता संशयित दोन झाले.

मोरिओ लढायला जातो हे त्यानं एक वेळ सोसलं असतं. त्याचा जीव अडकला होता घड्याच्या कातेत. ती कुणा एका वारसाच्या अंगात पुरी उतरवायची आणि मगच डोळे मिटायचे, एवढी एकच इच्छा उरली होती. तोंडानं कधी बोलला नाही, पण तो वारस त्यानं मोरिओलाच धरला होता. तोच जर ती ओयाकावाच्या आरशांपुढे मिरवणार असेल, तर द्यायची कुणाला?

यावरचा उपाय त्याच्या गुरूंनीच सांगून ठेवला होता. माएझातोबाबा आपल्या घराण्याच्या थडग्यापुढच्या अंगणात शिकवायचे, कारण तिथे उगाच कुणी डोकावत नाही. एकदा घाम पुसता पुसता ते सेइकिचीला म्हणाले होते, "कुणालाही काता देताना एक जागा चुकीची द्यायची. प्रत्येकाला वेगळी. मग ती बाहेर कुठे दिसली, तर कुणाच्या दारातून गेली ते कळतं. माणूस पारखून झाला की आपणच बोलावून ती सरळ करायची." तरुण सेइकिचीची छाती फुगली होती. एवढं गुपित आपल्याला सांगितलं म्हणजे आपली काता सरळच आहे, हे काय वेगळं सांगायला हवं? घरी जाता जाता त्यानं त्या युक्तीला आपल्या धंद्यातलं नाव दिलं: एक कौल उलटं बसवणं.

म्हणून त्यानं मोरिओला एकट्याला गाठून सांगितलं की घड्यापाशी मूठ आवळायची नाही, पंजा उघडा ठेवायचा. हे आजवर तुला सांगितलं नव्हतं. कोजाला सांगितलं की घडा ठेवण्याआधी अर्धं पाऊल मागे घ्यायचं. दोघेही कृतज्ञतेनं वाकले. कोजा तर दुसऱ्या दिवशी तळलेल्या गोड गोळ्यांचा पुडा घेऊन आला, आणि सेइकिचीनं तो नाबेकडे सरकवला.

नाबेला हे कळलं तेव्हा ती म्हणाली, "मांजराला दूध द्यायचं आणि मग त्याच्या मिशा तपासत बसायचं. त्यापेक्षा दूधच देऊ नये माणसानं."

"तुला यातलं कळत नाही."

"मला मांजरातलं कळतं," नाबे म्हणाली.

एप्रिलच्या आरंभी नाहा शहरातल्या व्यायामशाळेत स्पर्धा होती. सेइकिची डोक्याला टॉवेल गुंडाळून शेवटच्या रांगेत, एका जाड्या माणसाच्या मागे जाऊन बसला. घरी सांगून आला होता की चुन्याचा भाव काढायला जातोय.

मोरिओ दिसायला वेळ लागला नाही. पाठीवर ओयाकावाच्या क्लबचं नाव, हातांत मोजे, टाचा वर. संताप येणार हे सेइकिचीनं धरलंच होतं आणि तो आलाच. पण त्याबरोबर एक लाजिरवाणी गोष्ट झाली. समोरच्यानं डाव्या हाताची हूल दिली तेव्हा सेइकिचीच्या मांडीवरची मूठ आपोआप वळली आणि तो पुटपुटला, "आत शिर." मोरिओ आत शिरला. पंचानं हात वर केला.

हे सगळं त्याच्या ओळखीचं होतं. लष्कराचं बोलावणं येण्याआधी तो स्वतः नाहाच्या त्सुजी वस्तीत जायचा. दिवेलागणीला गायिकांच्या घरांपुढच्या चौकात तरुण पोरं उभी राहायची. कुणी येऊन मनगटाला मनगट लावलं की झुंज सुरू. चौकात सेइकिचीचं नाव झालं होतं. गुरूंना ते कधी कळलं नाही, असं त्यानं स्वतःला समजावलं होतं. महायुद्ध संपून तो परत आला तेव्हा गुरू नव्हते. एका गुहेत आसऱ्याला गेलेल्यांत ते होते आणि ती गुहा तोफगोळ्यांनी बुजली होती. तेव्हापासून त्यानं कुणापुढे मूठ उगारली नाही. पुढे त्या न उगारण्याचंच तत्त्वज्ञान झालं आणि ते तो इतरांना शिकवू लागला.

मग काता करणाऱ्यांचा गट आला. शाळकरी वयाची एक मुलगी मध्ये येऊन उभी राहिली, वाकली, आणि तिच्या पहिल्याच पावलाला सेइकिचीच्या अंगावर काटा आला. घड्याची काता. तो टॉवेल मागे सारून पुढे झुकला. आता चोर कळणार. मुलगी घड्यापाशी आली. अर्धं पाऊल मागे घेतलं नाही, म्हणजे कोजा नव्हे. हात खाली आला. मूठ आवळलेली होती, पंजा उघडा नव्हता. म्हणजे मोरिओही नव्हे. मग कोण? आणि तेवढ्यात ती वळली. उजवीकडे.

सेइकिची मोठ्यानं हसला. घड्यापासून डावीकडे वळायचं असतं. चोरली ती चोरली, वर चुकीची चोरली. जाड्या माणसानं मागे वळून पाहिलं. पण हसू टिकेना. उजवीकडे वळताना मुलीचं कोपर आपसूक बरगडीवर येऊन बसलं होतं, टाच जमिनीला धरून होती, आणि पाणी पन्हळीतून जावं तशी ती पुढच्या वारात गेली होती. डावीकडे वळताना सेइकिचीला नेहमी कुठेतरी अडखळल्यासारखं व्हायचं. इतकी वर्षं तो त्या अडखळण्याला साधना समजत आला होता.

निकाल पुकारताना मुलीचं नाव ऐकू आलं. माएझातो.

त्या संध्याकाळी मोरिओ नेहमीसारखा परसात आला. ओठ सुजला होता आणि तो लपवण्याची त्यानं तसदी घेतली नव्हती. सेइकिचीनं त्याला वाकूही दिलं नाही.

"उद्यापासून येऊ नकोस."

"लढलो ते खरं आहे, सेन्सेई. काता मात्र कुणाला दाखवली नाही."

"मी विचारलं का?"

मोरिओनं झाडू घेतला, नेहमीप्रमाणे परस झाडून काढलं, झाडू जागेवर ठेवला, वाकला आणि गेला. सेइकिचीला म्हणायचं होतं की तू दाखवली नाहीस हे मी डोळ्यांनी पाहून आलोय. पण ते तोंडातून निघेना. ज्याचा संशय खोटा ठरतो तो माणूस पकडलेल्या चोराहून जास्त चिडतो. नाबेनं कारलं आणि टोफू परतून पुढे ठेवलं आणि जेवण होईपर्यंत एक शब्द बोलली नाही. ते त्याला फार लागलं.

त्याच महिन्यात पितरांचे दिवस आले. घरोघरचे लोक डबे भरभरून आपापल्या थडग्यांपुढे जेवायला निघाले. सेइकिची दर वर्षी माएझातोंच्या थडग्यापाशी दारूची एक बाटली ठेवायचा आणि घरचं कुणी यायच्या आत निघून जायचा. यंदा तो अंगणाच्या कडेला बसून राहिला.

मात्सु आली ती दोन्ही हातांत डबे घेऊन. ही माएझातोबाबांची मुलगी, सेइकिचीहून थोडी मोठी, इतोमानच्या बाजारात टोफू विकणारी. मागे मुलगा, सून, आणि व्यायामशाळेतली ती मुलगी.

"मात्सुताई, तुमच्या नातीला काता कुणी दिली?" सेइकिचीनं नमस्कार-चमत्कारही केला नाही.

"मी दिली. बस, जेव आधी."

"आणि तुम्हाला?"

"हे काय कोर्ट आहे?" मात्सु म्हणाली. तिनं डबा उघडून डुकराच्या मांसाचा एक तुकडा त्याच्यापुढच्या ताटलीत टाकला. ओयाकावाकडे जायचा नातीचाच हट्ट, तिनं सांगितलं. आपण म्हटलं, जा, पण जाताना घरचं काहीतरी घेऊन जा, लोकांकडे रिकाम्या हातानं जाऊ नये.

"ती घड्यापासून उजवीकडे वळते," सेइकिची म्हणाला.

"उजवीकडेच वळतात."

"मला बाबांनी डावीकडे शिकवलं."

मात्सुच्या हातातल्या जेवणाच्या काड्या थांबल्या. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते पाहून सेइकिचीला तिथून उठून जावंसं वाटलं. तिनं नातीला पाणी आणायला पाठवलं आणि मग हळू आवाजात म्हणाली, "ती तुझी खूण होती, सेइकिची. मला वाटलं तुला एव्हाना कळलं असेल."

शेजारच्या थडग्यापुढे कुणीतरी पितरांसाठी कागदी नोटा जाळत होतं. तो धूर त्यांच्याकडे येत होता.

"निरोप घेऊन मीच आले होते तुझ्याकडे," मात्सु म्हणाली. "उद्या पहाटे ये, एकटाच ये. आठवतं?"

न आठवायला काय झालं? त्याच आठवड्यात त्सुजीच्या चौकात त्यानं एकाचं नाक फोडलं होतं. चोराच्या मनात चांदणं. पहाटेच का? एकटाच का? म्हाताऱ्याला कळलं, आता हाडं मोडणार, किंवा पुन्हा तोंड दाखवू नकोस म्हणणार. सेइकिची त्याच दुपारी दूरच्या एका गावी छपराचं काम काढून निघून गेला आणि लष्कराचं बोलावणं येईपर्यंत तिथेच राहिला. गुरूंनी पुन्हा निरोप पाठवला नाही.

"त्यांना त्सुजीचं कळलं होतं?" त्यानं विचारलं.

"त्सुजीचं सगळ्या गावाला कळलं होतं. बाबा म्हणायचे, पोरगं लढतंय ते बरं आहे. एक दिवस कुणीतरी त्याच्या उघड्या बरगडीत हाणेल आणि तो स्वतःच येऊन मला विचारेल. पण तू नशीबवान. कुणी हाणलंच नाही. म्हणून मग त्यांनी बोलावलं." तिनं अंगणाकडे हात केला. "इथे उभे होते. ऊन चढेपर्यंत. मी चहा घेऊन आले तर म्हणाले, कुणीतरी बघायला हवं, मात्सु, तूच बघ. आणि सगळी करून दाखवली. मी तोवर फक्त भांडी घासता घासता लांबून पाहिलेली."

सेइकिचीला रडू कोसळलं. माणसांसमोर तो कधी रडला नव्हता. लढाईतून येऊन गुरूंच्या बुजलेल्या गुहेसमोर उभा राहिला तेव्हाही नाही. त्याला वाईट वाटलं ते चुकीची काता मिळाली याचं नव्हे. तो पारखून झाला होता, आणि ते त्याला कळलंच नाही, याचं. मात्सुनं त्याला रडू दिलं. मग डब्याचं झाकण लावलं आणि म्हणाली, "ऊठ. वळून दाखव."

पितरांसमोर, मात्सुच्या सुनेसमोर, डबे पसरलेल्या अंगणात सेइकिची घडा ठेवायला खाली बसला आणि उजवीकडे वळला. गुडघा वाजला.

"टाच," मात्सु म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो मोरिओच्या बसमध्ये चढला आणि ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर बसला. मोरिओनं त्याला आरशात पाहिलं. शेवटचा थांबा उसाच्या शेतांपाशी होता. उतारू उतरले, सेइकिची बसून राहिला. मोरिओनं इंजिन बंद केलं, पण वळून पाहिलं नाही.

"घड्यापाशी पंजा उघडा, हे मी तुला मुद्दाम खोटं दिलं होतं," सेइकिची त्याच्या पाठीला म्हणाला.

"ठाऊक आहे."

"कधीपासून?"

"लगेच कळलं. लढतीत वापरून पाहिलं. अंगठा मुरगळला." मोरिओनं अजून थोडा सुजलेला अंगठा वर करून दाखवला. "डाव्या वळणाचं तर त्याच्या आधीच कळलं होतं. तसं वळलो की दर वेळी बरगडीत ठोसा बसतो."

सेइकिचीनं पुढच्या बाकाची दांडी धरली. "पंजा मी खोटा दिला. वळण मी खोटं दिलं नव्हतं."

मोरिओला अर्थ लागायला थोडा वेळ गेला. लागला तेव्हा त्यानं आरशातली नजर खाली घेतली. जे सेइकिचीला सबंध जन्माच्या शिस्तीनं कळलं नाही, ते या पोराला दोन-चार ठोसे खाऊन कळलं होतं, आणि ते दाखवायची त्याला काही घाई नव्हती.

"चूक आहे हे कळल्यावरही माझ्या परसात तसंच करत राहिलास?"

"हो."

"का?"

"तुम्ही कधीतरी बोलावून सरळ कराल असं वाटत होतं," मोरिओ म्हणाला. "वाट बघत होतो."

सेइकिची खिडकीतून उसाकडे बघत बसला. मग म्हणाला, "उद्या पहाटे ये. एकटाच ये."

मोरिओ मान वर करून आरशात बघू लागला, आणि ती नजर सेइकिचीनं ओळखली. पहाटेच का? एकटाच का? गुरूंच्या काळी शिष्याला कारण सांगायची रीत नव्हती. बोलावलं की यायचं, हीच शिस्त. त्या शिस्तीपायी एक म्हातारा ऊन चढेपर्यंत थडग्यापुढे उभा राहिला होता.

"मारायला बोलावत नाहीये," सेइकिची म्हणाला. "तुझं वळण सरळ करायचंय. माझं कालच झालं."

दुसऱ्या दिवशी तो फटफटायच्या आधीच परसात जाऊन उभा राहिला. उजाडलं तरी मोरिओचा पत्ता नव्हता. नाबे चहा ठेवून गेली. सेइकिचीच्या डोक्यात चक्रं सुरू झाली: ओयाकावानं अडवलं असणार, पोराच्या मनात अढी बसली असणार, काल बसमध्ये गोड बोलला तेव्हाच समजायला हवं होतं. चहा थंड झाला. आणि मग एक वेळ अशी आली की संशय घ्यायलाही काही उरलं नाही, नुसतं थांबणं उरलं. गुरू असेच थांबले असतील. त्यांच्या मनात काय काय येऊन गेलं असेल, हे सेइकिचीला आता कळत होतं, आणि ते त्यांना जाऊन सांगायची सोय नव्हती.

कुंपणापलीकडे पावलं वाजली. टाचांसकट. बसच्या पहिल्या फेरीला बदली माणूस मिळत नव्हता, असं म्हणत मोरिओ धापा टाकत आत आला.

सेइकिचीनं आधी त्याचा पंजा धरून त्याची मूठ वळवली. मग वळण दाखवलं. मोरिओनं एकदा केलं आणि थांबून म्हणाला की हे हलकं आहे. कोजाचं अर्धं पाऊलही काढून घ्यायचं होतं. त्याला दुपारी बोलवायचं होतं, कारण सांगून. मग सेइकिची स्वतः परसाच्या मध्यात जाऊन उभा राहिला.

"मार मला. बरगडीत."

मोरिओनं इकडे तिकडे पाहिलं. "इथे? परसात?"

"इथेच."

मोरिओनं ठोसा मारला, म्हाताऱ्याला झेपेल एवढ्या बेतानं. सेइकिची खाली बसला, उजवीकडे वळला, आणि मूठ त्याच्या कोपरावर येऊन आपटली. कळ खांद्यापर्यंत गेली. बरगडी शाबूत होती. नाबे दारात येऊन उभी राहिली होती.

सेइकिचीनं कोपर चोळलं. डोळ्यांत पाणी होतं, पण जन्माची खोड एका दिवसात जात नाही.

"पुन्हा मार," तो म्हणाला. "जरा जोरात. मात्सुताईंचं तरी खरं कशावरून?"